खिडकी आधी, संकेतस्थळ नंतर: रेल्वे आरक्षणाच्या उभारणीची चाळीस वर्षे

जून २०२५ च्या अखेरीस रेल्वे मंत्रालयाने एक घोषणा केली. प्रवासी आरक्षणाची नवी संगणकीय यंत्रणा मिनिटाला दीड लाखांहून अधिक तिकिटे देऊ शकेल. तेव्हा चालू असलेल्या यंत्रणेची मर्यादा बत्तीस हजारांच्या आसपास होती. चौकशीची क्षमता तर मिनिटाला चार लाखांवरून चाळीस लाखांवर नेण्याचा मानस त्यात व्यक्त झाला. बातमी आकड्यांची होती, म्हणून आकड्यांपुरतीच वाचली गेली. परंतु सकाळी दहाच्या ठोक्याला मोबाईलवर बोट रोखून बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की प्रश्न केवळ वेगाचा नाही. शायिका मोजक्या, मागणारे असंख्य, आणि त्यांच्यापैकी कोणाला द्यायची हे एका संकेतस्थळाच्या रचनेत कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. ते कोणी, केव्हा आणि कसे ठरवले, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

व्यवसायाचे संकेतस्थळ उभारणाऱ्या संस्था पहिल्या बैठकीत रंग किंवा बोधचिन्ह विचारत नाहीत. निदान विचारू नयेत. तुमचा व्यवहार नेमका कसा चालतो, गिऱ्हाईक काय मागते, नकार कोण देतो, पैसे कोणत्या क्षणी हातात येतात, हे आधी विचारले जाते. भारतीय रेल्वेच्या बाबतीत ही पहिली बैठक इंटरनेट देशात येण्यापूर्वी दहा वर्षे झाली. ३ ऑगस्ट २००२ रोजी जे संकेतस्थळ लोकांना दिसले तो इमारतीचा शेवटचा मजला होता. पाया १९८५ मध्ये घातला गेला होता.

त्याआधीचे आरक्षण वहीत होत असे. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेचे पान, त्यावर डब्यांचे आराखडे, आणि शायिकेच्या क्रमांकासमोर कारकुनाच्या हस्ताक्षरात नाव. वही एकच असल्यामुळे ती ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीवर त्या गाडीचे तिकीट मिळे. मोठ्या स्थानकांवर गाडीनिहाय रांगा लागत. तासभर उभे राहून पुढे पोहोचावे, जागा नाही असे ऐकावे, आणि दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे, हा तेव्हाचा सर्वसाधारण अनुभव. परतीचे आरक्षण हवे असेल तर दुसऱ्या गावच्या स्थानकाला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे. त्या वहीवर बाहेरच्या कोणाची नजर नसे. जागा खरोखर संपली की संपली असे सांगितले गेले, हे पडताळण्याचा मार्ग प्रवाशाकडे नव्हता. दलालांचा धंदा याच अंधारावर पोसला गेला.

हे काम ज्या संस्थेकडे गेले तिची जन्मकथाही लक्षात घेण्यासारखी आहे. १९७८ मध्ये परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम भारतातून बाहेर पडली. तिच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी सरकारी मालकीची एक कंपनी आधीच, १९७५ मध्ये, स्थापन झालेली होती. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच पुढची सीएमसी. दुसऱ्यांच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता ही मंडळी मोठ्या प्रणाली रचण्याकडे वळली. रेल्वेसाठी त्यांनी बांधलेल्या आज्ञावलीचे नाव होते ‘इम्प्रेस’. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांवर ती चाले आणि १९८५ च्या अखेरीस नवी दिल्लीत तिचा प्रायोगिक वापर सुरू झाला.

त्या रचनाकारांपुढची अडचण विमान कंपन्यांपेक्षा वेगळी होती. अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ प्रणाली आयबीएमच्या साह्याने १९६० च्या दशकातच उभी राहिली होती. जपानी रेल्वेने तर १९६० मध्येच ‘मार्स-१’ हे आसन आरक्षणाचे यंत्र चालू केले होते. तेव्हा संगणकाने आसन देणे ही कल्पना नवी नव्हती. पण विमानाचे आसन साधारणतः एका उड्डाणापुरते एकाच माणसाचे असते. मुंबईहून नागपूरमार्गे जाणाऱ्या हावडा मेलमधली एक शायिका घ्या. ती मुंबई ते भुसावळ एकाची, भुसावळ ते रायपूर दुसऱ्याची, आणि रायपूरपासून हावड्यापर्यंत तिसऱ्याची असू शकते. म्हणजे शायिका ही एक वस्तू उरत नाही. ती स्थानकांच्या क्रमावर पसरलेली एक पट्टी होते, आणि तिचे तुकडे एकमेकांवर न चढता विकायचे असतात. लहान तुकडे आधी विकले तर लांब पल्ल्याचा प्रवासी उपाशी राहतो. लांब तुकड्यासाठी वाट पाहिली तर शायिका रिकामी धावण्याची भीती. कोणत्या स्थानकाला किती जागा राखायच्या, याची गणिते जुन्या वह्यांतही होतीच. ती कोट्यांच्या रूपाने होती. सर्वसाधारण कोटा, महिलांचा, सैन्यदलाचा, परदेशी पर्यटकांचा, अधिकाऱ्यांच्या हातचा तातडीचा, वाटेवरच्या स्थानकांचा. त्याशिवाय सवलती, गाडीचे प्रकार, वर्ग, आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागचा दर उतरत जाणारी भाडेपद्धती. यांतले पुष्कळसे परिपत्रकांत विखुरलेले होते आणि काही केवळ अनुभवी कारकुनांच्या डोक्यात.

आज संकेतस्थळाच्या नियोजनात ज्याला आवश्यकतांचा अभ्यास म्हणतात, तो इथे असा झाला: वहीतला व्यवहार नियमांत उतरवणे. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी लिहिले गेले आहे. यंत्र विकत घेता येते; एखाद्या जुन्या खात्याचा अलिखित रिवाज लिहून काढणे मात्र कष्टाचे आणि वादाचे काम असते. लिहून काढला की तो दिसतो, आणि दिसला की त्याला जाब विचारता येतो.

तांत्रिक पेच वेगळाच होता. वही एक असताना दोन कारकून एकाच क्षणी एकच शायिका देऊ शकत नव्हते, कारण लेखणी एकच होती. आता वीस खिडक्यांवरून वीस जण एकाच डब्यात हात घालणार. म्हणून व्यवहार अखंड ठेवावा लागतो: जागा शोधणे, ती कुलूपबंद करणे, भाडे आकारणे, नाव नोंदवणे, तिकीट छापणे. हे सारे पूर्ण होईल, किंवा त्यांतले काहीच झाले नाही असे मानले जाईल. मध्येच वीज गेली तरी अर्धवट तिकीट उरता कामा नये. या एका शिस्तीमुळे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. गाडीनिहाय रांगा मोडल्या आणि एक रांग उरली. सामान्य प्रवाशाने अनुभवलेली भारतातील संगणक क्रांती म्हणून एखादी गोष्ट दाखवायची झाली, तर ती हीच.

पुढच्या तीन-चार वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथे अशीच केंद्रे उभी राहिली. १९८६ ते १९८९ या काळात रेल्वे राज्यमंत्री असलेल्या माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत या विस्ताराला गती मिळाली. १९८६ मध्येच रेल्वेने स्वतःची माहिती प्रणाली संस्था, म्हणजे ‘क्रिस’, स्थापली आणि आज्ञावलीची मालकी हळूहळू घरात आली. मात्र ही पाच केंद्रे पाच बेटांसारखी होती. प्रत्येकाकडे आपल्या हद्दीतून सुटणाऱ्या गाड्यांची नोंद. चेन्नईच्या खिडकीवर दिल्ली-कोलकाता तिकीट मागितले तर सरळ उत्तर नसे. ‘क्रिस’ने ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी प्रणाली रचली, १९९४ मध्ये ती सिकंदराबादला प्रथम बसवली, आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. नोंदी पाच ठिकाणीच राहिल्या. मागणी मात्र योग्य केंद्राकडे आपोआप वळू लागली. तुमच्या तिकिटावरच्या दहा अंकी पीएनआर क्रमांकाचा पहिला अंक पाहा. तो ८ किंवा ९ असेल, तर ती नोंद मुंबईच्या केंद्राची.

इतके झाल्यावर संकेतस्थळाचा प्रश्न आला. देशात इंटरनेट सर्वांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये रेल्वेने खानपान आणि पर्यटनासाठी एक कंपनी नोंदवली, आयआरसीटीसी, आणि इंटरनेटवरून तिकीट विकण्याचे काम तिच्याकडे आले. कामाची ही वाटणी आजही टिकून आहे: दुकान आयआरसीटीसीचे, कोठार ‘क्रिस’कडे. २००२ मध्ये संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा त्याने स्वतः एकही शायिका सांभाळली नाही. ते ‘कॉन्सर्ट’ला जोडलेली आणखी एक खिडकी होते, फक्त तिच्यापुढे कारकून नव्हता.

कारकून नसल्याने काय काय बदलते, हे हळूहळू उमगत गेले. पहिली अडचण कागदाची. तिकीट म्हणजे रेल्वेने छापलेला कागद, हा नियम होता. म्हणून सुरुवातीला तिकीट संगणकावर घेतले जाई, छापले जाई रेल्वेकडे, आणि कुरियरने घरी येई. आजच्या पिढीला हे हास्यास्पद वाटेल. पण कायदा आणि तपासनीस यांना ओळखीचा असलेला कागद हाती ठेवूनच नव्या वाटेवर पाऊल टाकणे, यात शहाणपण होते. २००५ मध्ये ई-तिकीट आले, म्हणजे प्रवाशाने स्वतः छापलेला कागद आणि सोबत ओळखपत्र. पुढे मोबाईलवरचा संदेशही पुरेसा ठरला.

दुसरी अडचण पैशाची, आणि तिच्यावर काढलेला तोडगा आजही लाखो लोकांच्या चिडीचा विषय आहे. खिडकीवर कारकून आधी शायिका देतो आणि मग नोटा मोजून घेतो; माणूस समोर उभा असतो, पळून जात नाही. संकेतस्थळावर क्रम कोणता ठेवायचा? आधी शायिका राखून मग बँकेकडे पाठवले, तर पैसे न भरता शेकडो जण, किंवा एकच लबाड शेकडो नावांनी, पूर्ण डबा काही मिनिटे अडवून ठेवू शकतो. आधी पैसे घेऊन मग शायिका शोधली, तर बँकेच्या वाटेवर असतानाच ती दुसऱ्याला गेलेली असू शकते. रेल्वेने दुसरा मार्ग पत्करला. पडद्यावर ‘उपलब्ध १२’ दिसते, संकेतशब्द येतो, तो भरला जातो, खात्यातून रक्कम वजा होते, आणि हाती येते प्रतीक्षा यादी, किंवा तिकीटच नाही व काही दिवसांनी परतावा. अनेकांना ही यंत्रणेतली चूक वाटते. ती चूक नाही. विचारपूर्वक केलेली निवड आहे, आणि साठेबाजी रोखण्याच्या दृष्टीने मला ती रास्तही वाटते. परंतु तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे वेगवान जोडणी आहे, ज्याने आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये आधीच पैसे भरून ठेवले आहेत, तो बँकेची फेरी वाचवतो. तालुक्याच्या गावी संदेशाची वाट पाहणारा तेवढ्या सेकंदांनी मागे पडतो. रांगेत आधी आलेल्याला आधी, हा खिडकीचा न्याय इथे जोडणी वेगवान असलेल्याला आधी, असा होतो.

ही शर्यत सर्वांत तीव्र होते तत्काळच्या वेळी. तत्काळ योजना १९९७ च्या अखेरीस आली. संकेतस्थळ वाढले तसतसा तिचा सारा भार एका क्षणावर येऊन कोसळू लागला. दिवसभर शांत असलेली यंत्रणा त्या मिनिटाला अर्ध्या देशाचे ओझे उचलते. संकेतस्थळे आखताना सरासरी गर्दी पाहून चालत नाही, गर्दीचे शिखर पाहावे लागते, हा धडा भारताने या मिनिटापासून घेतला. जुलै २०१२ मध्ये तत्काळची वेळ आठवरून दहावर नेली गेली, कारण आठ वाजता नेहमीचे आगाऊ आरक्षणही उघडते. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गासाठी दहा आणि इतरांसाठी अकरा, अशी आणखी विभागणी झाली. एका ओळीचीही नवी आज्ञावली न लिहिता गर्दी पांगवण्याचा हा उपाय साधा होता आणि परिणामकारकही.

आज्ञावलीतला मोठा बदल २०१४ चा. ‘क्रिस’ने ई-तिकिटांची नवी प्रणाली रचली. मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली, आणि एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० जणांना आत घेता येऊ लागले. यामागचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. तिकीट काढणारा एक असतो, पण ते काढण्यापूर्वी तो दहा वेळा विचारतो: या गाडीत जागा आहे का, त्या तारखेला आहे का, भाडे किती. विचारणाऱ्यांना मूळ वहीपर्यंत जाऊ देण्याची गरज नाही. उत्तरांची ताजी प्रत संगणकाच्या स्मृतीतच ठेवली, तबकडीवरून वाचण्याचे टाळले, तर मूळ नोंदींपर्यंत केवळ खरे खरेदीदार पोहोचतात. त्या प्रतीतली माहिती क्षणभर शिळी असू शकते, ही याची किंमत. पडद्यावरचा ‘१२’ आणि कोठारातला खरा आकडा यांत जो फरक पडतो, त्याचे एक कारण हेही आहे. २२ मे २०२५ रोजी या यंत्रणेने एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे दिली. तो तोवरचा उच्चांक होता.

मात्र क्षमता वाढली की यंत्रमानवही वाढतात. मंत्रालयाच्याच माहितीनुसार तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतल्या प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित आज्ञावल्यांचे होते, आणि अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करावी लागली. वेड्यावाकड्या अक्षरांची चाचणी, एका खात्यावर महिन्याला तिकिटांची मर्यादा, माहिती भरण्यास लागणारा किमान वेळ, हे सारे उपाय याच लढाईतले. माणसाला नाव टंकण्यास काही सेकंद लागतातच. त्याहून लवकर भरलेला अर्ज संशयास्पद. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच मिळू लागले, आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत दलालांना मज्जाव झाला. वहीच्या काळातला दलाल खिडकीच्या आत ओळख ठेवून असे. आताच्या दलालाला ओळख लागत नव्हती, फक्त आज्ञावली लागत होती.

हे व्यावसायिक संकेतस्थळ आहे, हे विसरून चालणार नाही. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये माफ झालेले सेवाशुल्क सप्टेंबर २०१९ मध्ये सुविधाशुल्क म्हणून परतले: साध्या वर्गाला १५ रुपये, वातानुकूलित वर्गाला ३०, वर कर. महिन्याभरात कंपनी शेअर बाजारात उतरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये या शुल्काचा अर्धा वाटा रेल्वेला द्यावा असे मंत्रालयाने ठरवले; समभाग कोसळताच दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न मिळवण्याचे मार्ग सुचवणाऱ्या सल्लागारासाठी कंपनीने निविदा काढली, आणि खासगीपणाच्या प्रश्नावरून गदारोळ झाल्यावर तीही मागे घेतली. आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आता ऑनलाइन निघतात. कोण, कोठून, कोठे, केव्हा आणि कोणासोबत गेला, याची एवढी मोठी वही देशात दुसरी क्वचितच असेल. तिचा मालक कोण, हा प्रश्न १९८५ च्या बैठकीत विचारण्याचे कारण नव्हते, आता आहे.

आणखी एक गोष्ट त्या पहिल्या बैठकीपासून राहून गेली. महाराष्ट्रातल्या स्थानकांवर आरक्षणाचा कागदी अर्ज मराठीत भरता येतो. खिडकीपलीकडचा कारकून तो वाचून इंग्रजी संकेतांत उतरवतो. तो कारकून नुसता टंकलेखक नव्हता, दुभाषी होता. संकेतस्थळाने त्याची जागा घेतली, पण त्याचे हे काम घेतले नाही. पहिली कित्येक वर्षे ते केवळ इंग्रजीत होते, हिंदी नंतर आली. जागा आहे की नाही एवढे पाहण्यासाठीसुद्धा खाते उघडून आत शिरावे लागे. ती अट २०१८ च्या नव्या मांडणीत सुटली. जून २०२५ च्या घोषणेत दीड लाखाच्या आकड्याखाली काही लहान ओळी होत्या: बहुभाषिक मांडणी, शायिकेची पसंती नोंदवण्याची सोय, भाड्याची दिनदर्शिका, दिव्यांग, विद्यार्थी आणि रुग्णांसाठी एकत्रित सुविधा. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या आल्या नाहीत. नवी यंत्रणा हाती येईल तेव्हा मी आधी त्याच तपासणार आहे, तीही दुपारी. रात्री पावणेबारा ते बारा-वीस या वेळेत हे दुकान दिवसाचा हिशोब मिटवण्यासाठी अजूनही बंद असते.